बर्फावरचा हॉर्न

मी भित्री बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. नागपुरात कॉलेजला असताना मी भर उन्हात, तोंडाला ओढणी गुंडाळून, मोपेडवरून एकटी गावभर फिरायची. कुणी वाट अडवली तर हॉर्न आणि तोंड, दोन्ही एकदमच सुरू व्हायचं. पण ज्या गावात मे महिन्यात डांबर वितळून चपलेला चिकटतं, तिथल्या बाईला गोठलेल्या तळ्यावर नेऊन उभं करायचं म्हणजे काय चेष्टा आहे का?

नवऱ्याला मात्र वेड लागलं होतं. त्याच्या नोकरीपायी आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात आलो, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं हा माणूस थंडीला शिव्या घालत हीटरला चिकटून बसायचा. मग ऑफिसातल्या कुणीतरी त्याला एकदा बर्फावर मासे धरायला नेलं. त्याला एक वॉलाय मिळाला आणि आमचा माणूस हातातून गेला. वॉलाय हा इकडचा लाडका मासा. डोळे पांढरट, काचेसारखे, टॉर्च मारला की मांजरासारखे चमकतात. काटे कमी, चव अगदीच सौम्य. मला विचाराल तर सावजी मसाला लावल्यावरच त्याला काही अर्थ येतो. बघता बघता बेसमेंट गळांनी भरलं, माझ्या फ्रिजच्या शेजारी आमिषाच्या मासळ्यांची बादली आली, आणि बर्फाला भोक पाडायचं एक यंत्र आलं. सुताराचं गिरमिट असतं ना, तेच, फक्त छातीएवढं उंच आणि मोटर लावलेलं.

त्या हिवाळ्यात मुलगी नोकरीसाठी तिकडे पार पश्चिम किनाऱ्याजवळ, बॉथेलला गेली आणि घर खायला उठलं. "चल ना यार, एकदा तरी," तो म्हणाला. "माझ्यासाठी." नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं. डबाभर पोहे केले, थर्मासात त्यावर ओतायची गरम तर्री भरली आणि निघाले.

तळ्याच्या काठावर त्याने ट्रक थांबवला. "बेल्ट काढ," म्हणाला. "आणि काच खाली कर."

"एवढ्या थंडीत? काहून?"

"बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यायला पाहिजे ना."

छत्री घे, पाऊस येईल, असं सांगावं तसं त्याने हे सांगितलं! बाप्पा! मी दाराच्या कडीला असं धरून बसले की बोटं दुखली. वाटेत एक लांबच लांब भेग लागली. दोन्हीकडचे बर्फाचे थर एकमेकांवर चढून कमरेएवढा बांध झालेला, आणि मध्ये कुठे कुठे उघडं काळं पाणी. गाड्यांसाठी एका ठिकाणी लोखंडी पूल टाकला होता. त्यावरून जाताना मी डोळे मिटले. पलीकडे गेल्यावर तो म्हणाला, "ही भेग तेवढी लक्षात ठेवायची. दिसत नसेल तेव्हा इकडे फिरकायचं नाही. बाकी काही भीती नाही." बाकी काही भीती नाही म्हणे!

मासे धरायला बर्फावरच मांडलेली आमची झोपडी त्या भेगेपासून फार लांब नव्हती. प्लायवूडची खोली, जमिनीत थेट पाण्यापर्यंत दोन भोकं, गॅसचा हीटर, बसायला बाकं. तो गळ सोडून असा निवांत बसला, जसा काही मामाच्या गावाला आला होता. मला मात्र खालचे आवाज ऐकू येत होते. लोखंडी पिंप गडगडत न्यावं तसा आवाज एका टोकाकडून यायचा, आमच्या पायाखालून जायचा आणि लांब कुठेतरी विरायचा. "बर्फ वाढतोय," तो म्हणाला. "चांगलं असतं ते." मी म्हटलं, तुझं चांगलं तुला लखलाभ, आणि पाय बाकावर घेऊन बसले.

शेजारी एक लाल झोपडी होती. त्यात एक म्हातारा राहायचा, शाळेची बस चालवून रिटायर झालेला. तो सकाळी डोकावला तेव्हा मी त्याला तर्रीपोहे दिले. बिचाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण प्लेट पुसून खाल्ली आणि पुन्हा मागितले. त्या एका प्लेटीपुरती माझी भीती कमी झाली होती, खोटं कशाला सांगू.

दुपारी हीटरची ज्योत बारीक व्हायला लागली. "म्हाताऱ्याकडे जास्तीचा सिलिंडर आहे, घेऊन येतो," नवरा म्हणाला. खिडकीतून लाल झोपडी स्वच्छ दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. "आलोच," म्हणाला आणि गेला.

आणि वारा उठला.

आभाळातून काही पडत नव्हतं. खाली पडलेला बर्फच उठला, सगळ्या तळ्यावरचा, एकदम. खिडकीवर दूध ओतल्यासारखं झालं. लाल झोपडी गेली. मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेरचा माझाच हात मला दिसेना. "अरे ए!" मी ओरडले. वाऱ्याने तो आवाज माझ्या तोंडातच परत कोंबला. फोन लावला. त्याची रिंग माझ्या पाठीमागे वाजली, बाकावर, त्याच्या हातमोज्यांखाली.

तेव्हा मी घाबरले. खरंखुरं घाबरले. कारण मला माझा नवरा माहीत आहे. या माणसाला मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही. तो आता सिलिंडर घेऊन निघाला असेल, वाट चुकला असेल, आणि भेगेकडे चालत असेल. तो पोचला का नाही, निघाला का नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. काळं पाणी सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

इमर्जन्सीला फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली की वारा थांबेपर्यंत कुणालाच तळ्यावर येता येणार नाही, तुम्ही आतच राहा. मुलीला फोन केला. ती ओरडलीच, "ममा, स्टे इनसाइड! प्लीज, जस्ट स्टे इनसाइड!" आणि रडायला लागली. मी तिला हो म्हटलं आणि फोन ठेवला. आत राहा, आत राहा! नवरा बाहेर मरत असेल आणि मी आत पाय शेकत बसू?

मग हॉर्न आठवला.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत हा एका टेलरच्या दुकानावर खोली घेऊन राहायचा. पोरांच्या खोलीवर मुलगी गेली म्हणजे मोहल्लाभर डंका, म्हणून मी कधी वर गेले नाही. खाली मोपेड उभी करायची आणि हॉर्न द्यायचा, पीप पीप पीप. हा धावत यायचा. एकदा अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन आला होता. एकदा वरणभाताचा हात न धुता. लग्नानंतरही तेच. अमेरिकेत आल्यावर त्याने मला शंभरदा सांगितलं, इथे हॉर्न म्हणजे शिवी, इथे कुणी उगाच वाजवत नाही. पण ऑफिसबाहेर मी वाजवायचीच, आणि लोक वळून बघत असताना हा बॅग सांभाळत पळत यायचा.

ट्रक झोपडीला लागूनच उभा होता. किल्ली त्याच्या खिशात, पण हॉर्नला किल्ली लागत नाही. झोपडीच्या भिंतीवर एक हात ठेवून मी बाहेर पडले. तोंडावर वाळू मारल्यासारखा बर्फ लागत होता. भिंत संपली आणि ट्रक लागेना. तेवढ्या एका पावलात मला वाटलं, झालं, आता मीही गेले. मग गार पत्रा हाताला लागला. दार ओढलं, आत पडले, आणि हॉर्नवर हात ठेवला.

पीप पीप पीप. थांबायचं, ऐकायचं. वाऱ्याशिवाय काही नाही. पुन्हा पीप पीप पीप. खालून पिंप गडगडलं आणि ट्रक थरथरला. मी घाईघाईने दार थोडं उघडं धरलं, फुटलंच तर बाहेर पडायला. हात बधिर झाला तेव्हा कोपराने वाजवला. त्याला शिव्या घातल्या. तुझ्या माशांना आग लागो, म्हटलं, तू फक्त ये, आयुष्यभर मासे तळून घालते. आईने लहानपणी शिकवलेलं त्रिशरण तोंडात आलं आणि मी ते मध्येच विसरले. बुद्धं सरणं गच्छामि, पीप पीप पीप, धम्मं सरणं, आणि पुढचं आठवेचना. नुसती रडत होते आणि वाजवत होते.

किती वेळ गेला माहीत नाही. काचेवर काहीतरी धडकलं. मिशा, भुवया, टोपी, सगळं बर्फाने पांढरं झालेलं एक तोंड.

"काय झालं?" तो ओरडत होता. "तुला काय झालं?"

"मला काय होणार? तुला काय झालं?"

"मग हॉर्न काहून वाजवून राहिली?"

त्याच्या कमरेला दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला म्हातारा. तिघं भिंत चाचपत आत आलो. नवऱ्याला उभं राहता येईना. डावा बूट बर्फाने दगड झाला होता. म्हाताऱ्याने सुरीने नाड्या कापल्या, आणि कापता कापता, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

वारा उठला तेव्हा नवरा लाल झोपडीतच होता. म्हाताऱ्याने त्याला बाहेर पडूच दिलं नव्हतं. "मी म्हटलं, ती आत आहे, तिच्याकडे अजून तासभराचा गॅस आहे, तोवर वारा पडेल. त्यालाही पटलं होतं. कॉफी ओतून दिली होती मी त्याला. पत्ते काढले होते. मग हॉर्न वाजला." म्हाताऱ्याने बूट खेचून काढला. "मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. याने मला बाजूला ढकललं. मग म्हटलं, एकटा नको जाऊस, दोर बांध." वाऱ्यात आवाज कुठून येतोय ते कळेना. ते दोघं भलतीकडेच गेले, थेट भेगेवर. नवऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. म्हाताऱ्याने दोर ओढून त्याला वर काढलं, आणि मग ते हॉर्नच्या रोखाने उलटे फिरले.

म्हणजे तो सुखरूप होता. गरम खोलीत, कॉफीचा कप हातात घेऊन बसलेला होता. आणि त्याला मी बाहेर काढलं.

मी त्याचा पाय स्वेटरखाली पोटाशी घेतला. मासा पोटाशी धरावा इतका गार होता. बोटं मेणासारखी पांढरी. वारा पडेपर्यंत मी तो पाय सोडला नाही. मग मदतीची माणसं आली, त्यांनी आम्हाला काठावर नेलं, तिथून हॉस्पिटलात.

डाव्या पायाची करंगळी गेली. बाकीची वाचली. बँडेज बांधलेला पाय उशीवर ठेवून तो पडला होता, आणि माझा इतका वेळ दाबलेला संताप बाहेर आला. "अक्कल गहाण टाकली होती का?" मी ओरडले. "आत होतास ना? कॉफी होती ना? बसून राहायचं होतं! मुकाट्याने बसून राहायचं!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही हिला साधी गोष्टही कळत नाही.

"अगं, तू हॉर्न वाजवत होतीस," तो म्हणाला.

तो अजूनही बर्फावर जातो. जाऊ दे, त्याची हौस आहे, मी मसाला वाटून ठेवते. पण आता त्याला कुठूनही आणायला गेले तर मी गाडी बंद करते, उतरते, चालत जाते आणि दार वाजवते. परवा पार्किंगमध्ये मागे येणारी एक गाडी मला ठोकणारच होती, तरी माझा हात हॉर्नवर गेला नाही. हॉर्नची मला भीती वाटते. वाजवला, तर तो येईल.