मॅए टालू २

नाव : हेल्वे पायु. वय : निवृत्तीनंतरचे. पद : विल्यांदी येथील एका मिश्र गायकवृंदाची चिटणीस, बिनविरोध. पूर्वानुभव : जुन्या राजवटीत घरनोंदणी कार्यालयात कारकून. स्वभाव : चौकस. सदर व्यक्तीच्या हातून आजतागायत एकही चुकीची नोंद झालेली नाही. सबब तिच्या नोंदी फेरतपासण्याची आवश्यकता नाही.

‘चौकस’ हा शब्द भिडेपोटी घातला आहे. कुणाच्या घरी पाहुणा किती दिवस मुक्काम ठोकणार, हे हेल्वेला यजमानाच्या आधी कळायचं. राजवट गेली, कार्यालय गेलं, नजर तेवढी मागे राहिली. वाचनालयातल्या फुकट वर्गात ती कोड लिहायला शिकली ती काही हौसेने नव्हे. संशय घ्यायला जोडीला कुणीतरी असावं, असं तिला वाटे.

त्या वसंतात जोडीदार कामाला आला. उन्हाळ्यात टालिनचा गीतोत्सव होता, हजारो गायक एका भल्यामोठ्या कमानीखाली, आणि वृंदचालक टार्वोने फर्मान काढलं होतं : प्रत्येकाने आपला भाग एकट्याने गाऊन, फोनवर मुद्रित करून सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा. फाइल नाही, तर उत्सव नाही.

मंडळींनी फाइली टाकल्या. नावं मात्र मनाला येतील तशी : ‘टेनर शेवटचं’, ‘मी’, ‘हे घ्या टार्वो’, ‘सर्दी असताना’. सभासदांच्या यादीशी ही नावं ताडून बघणारा कोड हेल्वेने लिहिला. लहानमोठी अक्षरं एक करायची, डोक्यावरची टिंबं उडवायची, आडव्या रेघा गाळायच्या आणि उरेल ते यादीतल्या नावाशी, नाहीतर पत्त्याशी, किती मिळतं याचे शंभरपैकी गुण द्यायचे. पास होण्याची रेघ तिने इतकी वर ठेवली, की पहिल्या फेरीत खुद्द तिचीच फाइल नापास झाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रेघ नाइलाजाने खाली आणत, लोकांना फोन करत, शेवटी एक फाइल उरली आणि एक बाई. फाइल ‘मॅए टालू २’. बाई एन्डला कुक, दुसरी आल्टो, म्हणजे बायकांतला सर्वांत खालचा सूर.

आपण नाव दिलं नाही, की फोन आपल्या मनाने जागेचं नाव लावून मोकळा होतो. मॅए टालू हे एन्डलाच्या बहिणीचं, लाइनेचं शेत; तीही वृंदात, दुसरी आल्टोच. नुसती ‘मॅए टालू’ ही फाइल पत्त्यावरून लाइनेला जाऊन चिकटलीच होती. एन्डला राहते गावात, चौथ्या मजल्यावर. मग ही गायला शेतावर कशाला गेली? शिवाय घशाच्या ऑपरेशनपासून सरावात ती वही तोंडासमोर धरते, हेही हेल्वेने टिपून ठेवलं होतंच. तिने दोन्ही फाइली लागोपाठ ऐकल्या. मग डबा भरून केक घेतला आणि चार मजले चढली.

“केक आणलास म्हणजे चौकशी आहे,” दार उघडत एन्डला म्हणाली. आवाज कसला, कागद चुरगाळल्यासारखी कुजबुज. “बस. कॉफी टाकते.”

“दुसरी फाइल कुणी गायली?”

“आम्ही बहिणी. आवाज सारखाच असणार.”

“आवाज सारखा असेल गं. दोन्हीत तिसऱ्या ओळीआधी नाकही सारखंच ओढलंय.”

एन्डलाने कप पुढे सरकवला. “लाइनेला सॉनाच्या बाहेरच्या खोलीत गायचं असतं. घुमतं छान म्हणे. नाक गळणारच.”

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“आल्टोंना. सगळ्या. तूच राहिली होतीस. तशी काळजी घेतली होती आम्ही.”

हेल्वेने हा अपमान केकबरोबर गिळला. “मग तिथे जाऊन तू करणार काय?”

“उभी राहीन. शाळेत होते तेव्हापासून त्या कमानीखाली एकदाही चुकले नाही. एवढ्या हजारांत एक तोंड नुसतं हललं तर कुणाला कळतंय?”

“मला.”

“तुला कळणारच. लग्नाआधी माझ्याकडे कोण राहतं तेही तुलाच कळलं होतं. लिहिलंसही.”

“झालं ना मग लग्न?”

“झालं. तू लिहिलंस म्हणून करावं लागलं.” एन्डलाने चमचा बशीत ठेवला. “लिही आताही. फाइल नाही म्हणून लिही.”

हेल्वेने कॉफी शेवटच्या घोटापर्यंत संपवली, डबा मात्र तिथेच ठेवला. दाराशी बूट चढवताना म्हणाली, “लाइनेला सांग, पुढच्या वेळी आधी नाक शिंकर म्हणावं.”

घरी येऊन तिने कोडच्या शेवटी एक नियम जोडला : सगळं जुळून एकच फाइल आणि एकच माणूस उरल्यास फाइल त्या माणसाला द्यावी. नियमात खोटं असं काही नव्हतं. कोडने तो मुकाट्याने पाळला. यादीत एकही जागा रिकामी उरली नाही.

यादी पाठवली तसं टार्वोचं उत्तर लगेच आलं. “हेल्वे, तुम्ही तपासलंय ना, मग मी काही ऐकत बसत नाही. सगळे उत्सवाला.”

दुसऱ्या आल्टोतली एक नोंद चुकीची आहे.