गोदाआत्याचं चूलबंद

सकाळी कंपनीच्या बससाठी उभा होतो, तेवढ्यात लासूरहून आतेभावाचा फोन आला. "आई गेली रे... झोपेतच." बस आली, निघूनही गेली, मी तसाच उभा. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला हसू आलं. चार दिवसांपूर्वीच गोदाआत्या आमच्याकडं राहून गेली होती आणि जाताना दम देऊन गेली होती, "पुढच्या येळी मला लिफ्टमधी घातलंस तर बघ! मधल्या मजल्यावरची माणसं दिसतच नाय त्यात."

माणसं भेटणं हाच आत्याचा सगळा कारभार. गावात लग्न असो, बारसं असो, कुंकवाचे तांदूळ घेऊन घरोघरी आवतण द्यायला तीच जायची. आवतणातही प्रकार असतात. कुठं घरटी एक माणूस, कुठं जोडी. पण मनापासून बोलवायचं तर चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही. घरात असतील तेवढी माणसं, आलेला पाहुणासुद्धा, सगळे आमच्याकडं जेवायला. आत्याच्या तोंडी दुसरा प्रकार यायचाच नाही.

सात वर्षांपूर्वी आम्ही शहरात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं आमंत्रण मी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं आणि आचाऱ्याला साठ पानं सांगितली. आदल्या दिवशी आत्या आली. "आवतण दिलं का?" मी मोबाइल दाखवला. तिनं कपाळावर हात मारला. दुपारी आमचा डोळा लागला आणि ही बया तांदळाची वाटी घेऊन चारही मजले फिरून आली! समोरच्या शबानाभाभींना कुंकू कसं लावायचं, म्हणून त्यांच्या हातावर साखर ठेवली. वर आम्हालाच कौतुकानं सांगते, "समद्यांना चूलबंद दिलं." माझी बायको, सुनीता, मटकन खुर्चीत बसली.

आणि आले की लोक! चूलबंद म्हणजे काय ते आत्यानं दारोदार नीट समजावलं होतं. कुणाची सासू, कुणाचे सिल्लोडचे पाहुणे, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नर्सिंगच्या पाच मुली, वॉचमनचं अख्खं बिऱ्हाड... अर्धी गच्ची जेवायची राहिली आणि वरण संपलं, पोळ्याही संपल्या. सुनीताच्या डोळ्यांत पाणी. शबानाभाभी हळूच म्हणाल्या, "नीचे जाके रोटियां डाल देती मैं." आत्या कडाडली, "खबरदार! आज एक जरी चूल पेटली तर माझं आवतण खोटं पडलं. जल्मात पडलं नाय, ते आज पाडता व्हय?" तिनं पदर खोचला, पिशवीतून येसराचा डबा काढला. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ. उकळत्या पाण्यात मुठीमुठीनं सोडलं की गावाला पुरेल एवढी आमटी होते. मला बेकरीत पिटाळलं. एवढ्या भाकरी ऐनवेळी कुठून आणणार, पाव आणले. वास्तुशांतीची पंगत येसर-पाव खाऊन उठली! गावाकडं कुणाला सांगितलं तर आजही हसतात. शबानाभाभींच्या सासऱ्यांनी तर तीनदा आमटी मागून घेतली.

त्याआधी दोन महिने आम्ही समोरच्या घरचं नाव फक्त पाटीवर वाचत होतो. त्यानंतर कुणाकडंही काही असलं की पत्रिका ग्रुपवर यायचीच, पण खाली कुणीतरी हमखास विचारायचं, "आत्या कधी येणार?" शबानाभाभींच्या मुलीच्या शादीचं आवतणसुद्धा आत्यानंच दिलं, साखरेची वाटी घेऊन. तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या एका साहेबांनी मोबाइलमधून मान वर न करता नुसता अंगठा दाखवला. "अंगठा काय दावता, तोंड हाय ना? येतो म्हणा!" साहेब चक्क उठून उभे राहिले आणि 'येतो' म्हणाले. लई लाड केले या बिल्डिंगनं तिचे, आणि तिनं बिल्डिंगचे.

तेरावा गावाकडं झाला. महिन्यानं आम्ही तिच्या नावानं इथं गच्चीवर जेवण ठेवलं, गच्ची हवी म्हणून वॉचमनला तेवढं सांगून ठेवलं. आचाऱ्यानं विचारलं, किती पानं? सुनीता म्हणाली, "मोजून सांगता यायचं नाही." पण आवतण कोण देणार? तिच्यासारखं कोण बोलावणार? मी टाळत राहिलो. जेवणाच्या दिवशी आचारी येऊन चुलाणं पेटलं, तरी बोलावणं गेलेलं नव्हतं. शेवटी मी ग्रुपवर लिहायला घेतलं... सुनीतानं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "तिच्या जेवणाला असं बोलवायचं का?" दुखवट्याच्या जेवणाला कुंकू-तांदूळ कसे न्यायचे, म्हणून रिकाम्या हातानंच निघाली. पहिलं दार समोरचं. शबानाभाभींनी उघडलं. सुनीतानं आवतण द्यायच्या आतच भाभींनी तिचा हात धरला आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. ओटा कोरडा, शेगडीवर भांडं नाही.

"सुबह से जलायाच नै," भाभी म्हणाल्या. "पूरे बिल्डिंग में जाके देख लेव. किसी ने नै जलाया."