बेज्जूरच्या विहारात बर्फाच्या देशाचं पुस्तक

बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिलीच. त्या आनंदात नागपूरहून चार पातळ पुस्तकं आणली: तारे, माणसाचे पूर्वज, जगातले धर्म आणि उत्तर ध्रुवाजवळची माणसं. कुणालाही समजावीत अशी सोपी. तेलंगणातल्या बेज्जूरच्या सुमनआत्याचा फोन आला, "पावसाळ्याचा वर्षावास चालू हाये. विहारात रोज संध्याकाळी वाचन असते. ये, यंदा तू वाच." तिथली शाळा तेलुगू, मुलं घरी मराठी बोलतात, पण त्यांना ती वाचता येत नाही. ही पुस्तकं घराघरांत फिरावीत आणि मुलांच्या कानावर पडावीत, या आशेने मी माझ्या गावाहून, तामसीहून निघाले.

तुम्ही जाणार असाल तर आदिलाबादहून सकाळचीच बस धरा. उटनूरकडचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो, खिडकीची जागा सोडू नका. आसिफाबादला गरम मिरची भजी स्वस्त आणि झक्कास. कागजनगरला बस बदलली की पुढे खड्डे आहेत. पोटात भजी असतील तर जपून.

पहिल्या संध्याकाळी मी ध्रुवाकडच्या लोकांचं प्रकरण वाचलं. एकाने सील मारला की मांस सगळ्या घरांत वाटतात, हे ऐकून बाया माना डोलवत होत्या. शेवटी सगळे म्हणाले, "साधु, साधु, साधु!"

मग विहाराचं काम पाहणारे निवृत्त हेडमास्तर गौतमकाका उठले. त्यांनी चारही पुस्तकं पांढऱ्या कापडात बांधली, हात जोडले आणि कपाटाला कुलूप लावलं.

"काका, घरी न्यायला द्या ना कुणाला."

"ग्रंथ हाये पोरी. इथंच वाचायचा, इथंच ठेवायचा."

त्यांचा आदर खरा होता. पण चार दिवसांनी मी परतणार, मग कुलूप कोण उघडणार?

दुसऱ्या संध्याकाळी त्याच पुस्तकाचं पुढचं वाचन संपलं. काका कापड बांधू लागले, तेवढ्यात शेजारची शेवंतामाय म्हणाली, "थांबा ना गुरुजी! तिथं भाजीपाला नाही, त मंग त्या बाया शिजवतात काय?"

"उद्या."

"उद्यापर्यंत मले झोप येईन का? पुस्तक द्या, सून नागपूरकडची हाये, ते वाचून दाखवते. नातवंडंबी आयकतीन."

सुमनआत्या हसत म्हणाली, "काऊन गुरुजी, घरचे देवारे सोडले अन् आता कपाटात देवारा मांडून राह्यले का तुमी?"

अख्खा विहार हसला. काकाही हसले, कानाला हात लावला आणि पुस्तक शेवंतामायच्या हातात दिलं. "हळदीचे हात लावू नका फक्त."

"लागले त लागले, बाप्पा!"

घरी आल्यावर मी आत्याला फोन केला. आधी हळदीच्या डागांचं सांगून तिने माफी मागितली. मी विचारलं, "आता कुणाकडे आहे गं?"

"शेवंतानं बाजूच्या इंदूले देल्लं, इंदूनं आणखी कोणाले तरी. मले नाही मालूम वं, कोणाच्या घरी हाये ते."

इतकी चांगली बातमी मला निकालाच्या दिवशीही मिळाली नव्हती.