घट्ट बुडाच्या पुंगळ्या

चिंचेच्या कोळाचा वास आला की मला अमेरिकेतल्या रेडमंडमधलं एक गॅरेज आठवतं. कॉलेजच्या नेमबाजी टीममध्ये मी नवीन होते. आम्हाला शिकवणाऱ्या रिटायर्ड इंजिनिअर काकांनी पिस्तुलाच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी तयार करायला माझ्याकडे दिल्या होत्या. जुने प्रायमर, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या बारीक टोप्या, काढले, पण काही पुंगळ्यांच्या बुडाच्या खोबणीत नवा प्रायमर शिरेचना. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. विचारलं तर 'हिला काही येत नाही' म्हणून टीममधून काढतील, असं वाटायचं. मळ असेल समजून मी त्या पुंगळ्या, आई पितळेची भांडी घासते तशा, चिंचेने लखलखीत घासून काकांच्या गॅरेजमध्ये नेल्या. काका खो खो हसले. "अगं, पूजा मांडायचीय का? हा मळ नाही, प्रायमर निसटू नये म्हणून फॅक्टरीत खोबणीच्या कडा दाबलेल्या असतात. तेवढी कड तासायची. हे फिरव." त्यांनी दिलेलं रीमर, म्हणजे कड तासायचं छोटं हत्यार, फिरवताच पितळेचा सोनेरी कीस पडला आणि पुढचा प्रायमर अलगद आत बसला. "काका, बसला!" मी ओरडलेच. "मग थांबलीस कशाला?" म्हणत त्यांनी पुंगळ्यांनी भरलेली अख्खी बादली माझ्यापुढे सरकवली. मी टीममध्ये राहणार, हे मला त्या बादलीवरून कळलं, आणि आज हे लिहितानाही माझे हात शिवशिवताहेत.