अण्णांसाठी घेतलेली हवेची गादी

आई श्रावणात गेली. आमच्यात कार्य करणारा तेरा दिवस जमिनीवर झोपतो, गादी घेत नाही. कार्य मी केलं, पण माझ्याबरोबर अण्णा, म्हणजे माझे वडीलही खाली झोपले. तेरावं झाल्यावर मी पलंगावर गेलो. अण्णा गेले नाहीत.

नुसत्या शहाबादी फरशीवर, डाव्या कुशीवर, हाताची उशी करून ते झोपायचे. भावकीनं समजावलं. माझी बायको रोज गादी घालायची आणि सकाळी ती घडी होऊन कोपऱ्यात दिसायची. काही म्हटलं की एकच उत्तर, "नको. बरं हाय असं." दसऱ्यापर्यंत त्यांचा डावा खुबा धरला. सकाळी भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि पहिलं पाऊल टाकायला बराच वेळ घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, थंडी पडायच्या आत यांना फरशीवरून उठवा, नाहीतर चालणं बंद होईल.

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. शाळेत तास घेत होतो, उत्तरपत्रिका तपासत होतो, डबा खात होतो. डब्यात कोणती भाजी होती असं दुपारी कोणी विचारलं असतं तर आठवलं नसतं. रडायला आलं नव्हतं. येईल म्हणून वाट पाहणंही सोडून दिलं होतं.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. सुट्टी मात्र होती. आत्या भूमला राहते, आणि भाऊबीजेला अण्णा तिच्याकडे जाणार होते. मी म्हणालो, "आपण दोघं सायकलीवर जाऊ. सावकाश, तीन दिवसांत. वाटेत मुक्काम करत."

"एवढी एष्टी सोडून?"

"तुम्ही पूर्वी जायचात की."

अण्णांनी आयुष्यभर बेंबळीहून धाराशिवला सायकलीवर दूध घातलं. त्या कॅनींवर मी कॉलेज केलं. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. ते थोडा वेळ अंगणातल्या सायकलीकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, पण नकोही म्हणाले नाहीत. माझ्या मनात काय होतं ते मी बोललो नाही. मुक्काम म्हटलं की अंथरूण आलं. घरातली गादी ते घेत नव्हते. प्रवासातली तरी घेतील, आणि एकदा सवय मोडली की घरीही मोडेल, एवढाच माझा हिशेब होता.

मग मी त्या अंथरुणाच्या मागे लागलो. पंधरा दिवस. एका वहीत जाडी, वजन, टिकाऊपणा आणि गुंडाळल्यावर होणारी लांबी असे रकाने लिहून काढले. आई गेल्यापासून एवढं मन लावून मी दुसरं काही केलं नव्हतं, आणि हे मला विचित्रही वाटत नव्हतं.

लग्नात अंथरतात ती प्लास्टिकची चटई हलकी असते, पण खाली दगड असला तर दगडच लागतो. व्यायामाची रबरी चटई खेळाच्या दुकानात मिळाली. ती जड, आणि दोन दिवस उन्हात राहिली की कडा सोडते. तिथंच फोमची घडीची चटईही होती. वरून उंचसखल, अंड्यांच्या ट्रेसारखी. मी दुकानदाराला विचारलं, "झोपून बघू का?"

"इथं? सर, गिऱ्हाईक म्हणंल, मास्तर चक्कर येऊन पडले."

"पाठीवर झोपून कळत नाही. कुशीवर झोपावं लागतं."

"झोपा मग. पर डोळे मिटू नका," तो म्हणाला, आणि पोराला फुटबॉल बाजूला करायला सांगितलं.

मी डाव्या कुशीवर झोपलो. पाठ कशावरही झोपते. चटईची खरी परीक्षा खुब्याच्या हाडाशी होते, कारण सगळं वजन तिथं एका टोकावर येतं. फोम त्या जागी दबून पातळ झाला आणि फरशी हाडाला लागली. अण्णांना रोज काय लागत असेल ते मला तेव्हा नेमकं कळलं. कळलं, आणि मी उठून चटईची घडी घालून लांबी मोजली.

रविवारी सायकली काढणाऱ्या आमच्या गटात भौतिकशास्त्राचे एक सर आहेत. ते म्हणाले, "फोमच घ्या. हवेची गादी परदेशातल्या हिरवळीवर ठीक. आपला काट्यांचा मुलूख." त्यांचं बरोबर होतं. फोमला भोक पडलं तरी तो फोमच राहतो. स्वतःसाठी मी फोमच घेतला. अण्णांसाठी मात्र हवेची मागवली. दोन इंच जाड, गुंडाळल्यावर पाण्याच्या बाटलीएवढी. घरी फरशीवर फुगवून कुशीवर झोपलो तर हाडाला काहीच लागलं नाही. टिकाऊपणाच्या रकान्यात मी रेघ मारली आणि वही मिटली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीज थोडी पुढे ढकलून, निघालो. अण्णा पुढं, मी मागं. चालताना लंगडणारा माणूस सायकलीवर लंगडत नव्हता. बाराच्या सुमारास रस्त्याकडेला विहीर, चिंचेचं झाड आणि जनावरांना पाणी पाजायचा हौद दिसला, तिथं थांबलो. भाकरी खाल्ली. बाजूला सोयाबीन काढलेलं रान होतं, झाडाची सावली त्या रानात पडली होती. मला वाटलं, रात्रीपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच दाखवू. मी गादी काढली, फुगवली आणि सावलीत नेली.

अण्णा म्हणाले, "तितं नको टाकू."

तीन महिने मी तो शब्द ऐकत होतो. मी म्हणालो, "नुसतं बसून बघा. नको तर नको." आणि गादी टाकून, मऊपणा दाखवायला आधी स्वतःच तिच्यावर बसलो.

फुस्स असा बारीक आवाज आला. तो येतच राहिला. मी हळूहळू जमिनीला टेकलो.

"आरं, धसकटं हायती," अण्णा म्हणाले. "सोयाबीनची. टायरात घुसतेत ती, ह्यात न्हाय घुसायची? म्हनून म्हनलं, तितं नको."

म्हणजे या वेळी ते गादीला नको म्हणत नव्हते. शेतकऱ्याचा मुलगा असून मला कापणीनंतरचं रान दिसलं नव्हतं. मी वहीत रमलो होतो. मी गादी उचलली आणि गुंडाळू लागलो. "जाऊ द्या. तुम्ही फोमवर झोपा."

"आन हिकडं."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, तोंड लावून फुगवली आणि हौदाकडे गेले. एकेक भाग पाण्यात दाबून बघू लागले. शेळ्या घेऊन आलेली एक बाई थांबली.

"काय हो, गादी धुताय व्हय?"

"पंक्चर हाय," अण्णा म्हणाले.

"आगं बया! गादीला बी पंक्चर? मग स्टेपनी न्हाय का आनली?"

"आनलीय की." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "त्येची हाय, पर ती आंड्याच्या ट्रेवानी टोचती."

कितीतरी दिवसांनी त्यांनी कोणाची तरी थट्टा केली होती. माझी केली होती. बाई हसत शेळ्यांमागं गेली.

बुडबुडे एकाच जागी आले. अण्णांनी तिथं अंगठा ठेवला, गादी कोरडी केली, सायकलीच्या पिशवीतून कानस, सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा काढला. "कापडाला रबर धरंल का न्हाय, काय माहीत," असं म्हणत भोकाभोवती हलक्या हातानं घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली, तुकडा चिकटवला आणि वर दगड ठेवला. मग पुन्हा फुगवली. ती हौदाशेजारच्या मोकळ्या मातीवर आधी हातानं चाचपून टाकली आणि तळव्यानं दाबून पाहिली.

"धरलंय?" मी विचारलं.

"हातानं कळत न्हाय. वजन पडाय पायजे."

आणि ते तिच्यावर आडवे झाले. डाव्या कुशीवर. कान गादीला लावून हवेचा आवाज ऐकत राहिले. मीही ऐकत होतो. थोड्या वेळानं जो आवाज येऊ लागला तो त्यांच्या घोरण्याचा होता.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. तसं काही झालं नाही. मी पाहत होतो की त्यांचा खुबा जमिनीपासून वर आहे. बोट घालण्याएवढी फट आहे. शेळ्यांची बाई परत आली तेव्हा तिनं खुणेनं विचारलं, झोपलं व्हय? मी हळूच म्हणालो, "तपासतायत."

सावली सरकली तसा मी उठून त्यांच्या डोक्याशी उभा राहिलो, म्हणजे ऊन तोंडावर येऊ नये. तासाभरानं ते जागे झाले. गादी बरीच बसली होती. त्यांनी हात टेकला आणि उठून उभे राहिले. धरायला तिथं भिंत नव्हती. मग खाली वाकून त्यांनी ठिगळाच्या कडेवर अंगठा फिरवला.

"एका कोपऱ्यातनं सुटतंय. सोल्युशन कमी पडलं," ते म्हणाले. "सांजच्याला दुसरं मोठं ठिगळ मारतो. रात्रभर झोपल्याबिगर पक्कं न्हाय सांगता यायचं."

मी गादी गुंडाळायला हात पुढं केला. त्यांनी ती स्वतःच गुंडाळली आणि आपल्या कॅरिअरला बांधली.