नव्या गिअरचं कौतुक

वैशाली नगरातले आमचे शेजारी प्लांटमधून रिटायर झाल्यापासून आपल्या जुन्या, लाल स्पोर्ट्स कारची सेवा करतात. बायकोशी बोलतानाही त्यांचे डोळे गाडीवरच असतात. परवा त्यांनी बाहेरून मागवलेला आखूड गिअरचा दांडा स्वतः बसवला आणि मला हाक मारली, “या भाऊ, गिअर कसा लोण्यावानी पडून राहिला, पहा!”

गाडी मागे घेऊन दाखवायला त्यांनी रिव्हर्स म्हणून पहिलाच गिअर टाकला. गाडी उसळून भिंतीवर आदळली. तिथे झाडांना पाणी घालणाऱ्या वहिनी उडी मारून कशाबशा वाचल्या. मी त्यांच्याकडे धावलो. हे खाली उतरले आणि बंपरपाशी वाकले.

“पण गिअर जराबी अडला नाही,” ते म्हणाले.

“अन् मी हटली नसती तं?” वहिनींनी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला.

“तं मंग बंपर वाचला असता.”