नाक सोडून सगळीकडे लाव

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. नातीनं माझ्या पलंगावर तीन डब्या मांडल्या आणि म्हणाली, "अज्जा, एवढंच. चार दिवस, माणशी एक पाठीवरची पिशवी, आणि तोंडाला लावायचं म्हणून या तीन डब्या. चौथी डबी दिसली की तुम्हाला बस स्टँडवरनंच घरी पाठवणार."

नात शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला कंपनीत नोकरी करते. राहतेही तिकडेच, मैत्रिणींबरोबर. शनिवार-रविवार तेवढी बनशंकरीला आमच्या घरी येते. तिची एक मैत्रीण तिच्याबरोबर गोकर्णाला जाणार होती, तिनं आयत्या वेळी टांग दिली. तिकीट रिकामं राहिलं म्हणून माझा नंबर लागला. ती काही तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "अज्जा, लहानपणापासून तुमचा गोकर्णाचा समुद्र ऐकत आलेय. आता चला आणि दाखवा मला."

मी ताठ बसून "चल" म्हणालो. ती खोलीबाहेर गेल्यावर घाम पुसला. कारण समुद्र मी जन्मात बघितलेला नव्हता.

आता ऐका. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कानडी शाळेत. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा मल्लेश्वरममध्ये एका मास्तरांच्या दुकानात शिवण शिकत होतो. गल्लीतले तिघं दोस्त गोकर्णाला निघाले, त्यांच्याबरोबर मीही. माझी पिशवी भरून तयार. निघायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी एका लग्नघरचे अठरा ब्लाऊज माझ्यापुढे टाकले आणि म्हणाले, "समुद्र कुठं पळून जात नाही, नवरी मात्र सोमवारी सासरी जाते." चार दिवस मी दुकानातच जेवलो, दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यावर झोपलो. गल्लीला वाटलं, चौघंही गेलेत. वाटू दिलं.

ते तिघं परत आले ते कढईच्या बुडासारखे काळे होऊन. आणि तिघांचीही नाकं सोललेली. सगळी गल्ली त्यांची नाकं बघायला जमली. आमच्या समोरच्या घरात एक मुलगी राहायची. तिनं तिघांना बघितलं आणि माझ्या बहिणीला विचारलं, "आणि तुझा भाऊ ग? तो नाही आला?"

हे मला कळलं तसा मी मागच्या दारानं घरात शिरलो, न्हाणीत गेलो, आईची टाचा घासायची वज्री घेतली आणि नाकावर चालवली. चांगली लाल होईपर्यंत. वरनं लिंबू पिळलं. डोळ्यांतनं पाणी आलं, पण नाक झालं तय्यार. तिघा दोस्तांची तोंडं बंद राहावीत म्हणून तिघांना एकेक शर्ट शिवून दिला. कॉलर फार सुरेख बसली होती त्या शर्टांची, कारण घाबरलेला माणूस टाका नीट घालतो.

दुपारी ती समोरची मुलगी वाटीत लोणी घेऊन आली. "लावा नाकाला," म्हणाली, "समुद्राचं ऊन वाईट असतं म्हणे." दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. लोण्यावर सुरू झालेला संसार, पन्नासाहून जास्त वर्षं चालला. एवढ्या वर्षांत खरं सांगायला एकही दिवस मला सोयीचा वाटला नाही. आधी तिला, मग मुलाला, मग नातीला मी तोच समुद्र सांगत गेलो, आणि दरवेळी त्याला थोडा काठ लावत गेलो. बायको तीन वर्षांमागं गेली. नवऱ्याचं नाक समुद्रावर सोललं होतं असं समजूनच गेली.

तर गोकर्णाला निघताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. या खेपेला नाक खरंखुरं सोलून आणायचं. देवाच्या दारात, समुद्राच्या उन्हात, वज्रीबिज्री न लावता. मरायच्या आधी एवढं एक खोटं तरी खरं करून ठेवावं. आणि नातीला यातलं काही कळता कामा नये.

आणि इथं नात माझ्या पलंगावर डब्या मांडून बसली होती.

"ही तोंड धुवायची," ती म्हणाली. "ही तोंड धुतल्यावर, कातडी कोरडी पडू नये म्हणून. आणि ही सगळ्यात महत्त्वाची. सनस्क्रीन. उन्हात जायच्या आधी तोंड, कान, मान. दोन-दोन तासांनी परत."

"दोन-दोन तासांनी? मी काय भिंत आहे रंगवायला?"

"अज्जा, तुम्ही सगळा जन्म दुकानाच्या सावलीत मशीनपुढं बसून काढलाय. तुमची कातडी बघा. दुधावरच्या सायीसारखी. गोकर्णाच्या उन्हात तासाभरात भाजून निघेल."

"मागच्या खेपेला काय झालं मला?"

"नाक सोललं. तुम्हीच सांगता."

मग मी माझं सामान काढलं. आपण काय तिच्यासारखे नट्टापट्टा करणारे नव्हे, आपलं साधं. खोबरेल तेलाची बाटली. दाढीनंतर फिरवायला तुरटीचा खडा. घामोळ्याची पावडर, मोठा डबा, कारण छोटा महाग पडतो. गुलाबपाणी. मुलतानी माती, कारण उन्हाळ्यात डोकं तापतं. सुनेनं दिवाळीला केलेलं उटणं थोडं उरलं होतं, ते. पायाला एरंडेल. पलंग भरला.

नात कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अज्जा, आपण गोकर्णाला चाललोय की तुमची पाठवणी आहे?"

"ही औषधं आहेत."

"सरी, ठीक आहे. मग सांगा, चार दिवसांत यातलं किती लागणार? अख्खी बाटली तेल पिणार आहात?"

मग तिनं मला जे दाखवलं ते मात्र मला पटलं. आणि मला सहसा कोणाचं काही पटत नाही. डोळ्यांत घालायच्या काचांच्या जुन्या डब्या तिनं जपून ठेवल्या होत्या, एकेक बोराएवढी. त्यात ती एका वेळचं किती लागतं ते मोजून भरत होती. तोंड धुवायचं चार दिवस, रोज दोन वेळा, म्हणजे आठ. आठ वेळचं तेवढंच, वर थोडं सांडलवंड म्हणून. मी म्हणालो, "अग, हे तर कापड बेतणं झालं!" आयुष्यभर मी तेच केलं. सव्वादोन मीटरात पूर्ण बाहीचा शर्ट बसवायचा आणि चिंधी उरू द्यायची नाही. ही पोरगी कंपनीत कॉम्प्युटर बडवते असं वाटायचं, पण रक्त शिंप्याचं निघालं.

मी गप्प माझं तेल बारक्या डबीत ओतलं. तुरटीचा खडा बत्त्यानं फोडून बोटाच्या पेराएवढा घेतला. पावडर कागदाच्या पुडीत. उटणं आणि माती एकाच पुडीत, दोघांचं काम एकच. गुलाबपाणी सोडलं. एरंडेलावरनं आमचं थोडं वाजलं, शेवटी तेही सोडलं, खोबरेल पायालाही चालतं म्हणून. आणि या सगळ्याला पिशवी मी शिवली. परकराच्या अस्तराचा तुकडा होता घरात, त्याला आतनं जुन्या रेनकोटचं प्लॅस्टिक, मधे शिवणी घालून सात कप्पे. एकेका डबीच्या मापाचा एकेक कप्पा. गुंडाळली की मुठीत मावते. नात ती हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "अज्जा, असली पिशवी आमच्याकडं दुकानात चारशेला विकतात, आणि तिला शिवण इतकी सरळ नसते."

असं कोणी म्हटलं की माणूस मऊ पडतो. तरी मी मऊ पडलो नाही. ती आंघोळीला गेली तेव्हा मी सनस्क्रीनची डबी कप्प्यातनं काढली आणि मशीनमागं ठेवून दिली. त्या कप्प्यात आणखी थोडी पावडर कोंबली.

गोकर्णाला सकाळी उतरलो. देवळाकडनं सरळ खाली गेलं की गल्ली संपते आणि वाळू लागते. मी पुढं चालत होतो, वाट माहीत असलेल्या माणसासारखा. गल्ली संपली आणि मी उभाच राहिलो.

काय सांगू. मी नातीला समुद्र सांगायचो तो आमच्या तळ्यांच्या हिशोबानं. तळं घ्यायचं आणि मोठं करायचं. पण याला पलीकडचा काठच नव्हता. आणि आवाज. मी साठ वर्षं समुद्र सांगितला, पण एकदाही त्यात आवाज घातला नाही. कारण मला माहीतच नव्हतं की तो एवढा बोलतो.

नात शेजारी येऊन उभी राहिली. "कसा आहे अज्जा? तेव्हासारखाच आहे ना?"

मी घसा साफ केला. "हो. तसाच. आता स्वल्प मोठा केलाय."

ती हसली ती वाळूवर बसेपर्यंत हसली. मला राग आला, पण समुद्रासमोर राग टिकत नाही, फार छोटा दिसतो. हसून झाल्यावर तिनं पिशवी उघडली, आतनं सनस्क्रीनची डबी काढली आणि म्हणाली, "या, बसा. तोंड पुढं करा."

मी डबीकडं बघत राहिलो.

"मशीनमागं लपवली होती तुम्ही. मी परत ठेवली," ती म्हणाली. "का पण अज्जा? हे क्रीम तुमचं काय वाकडं करतंय?"

खोटं बोलायचं तर तेव्हाही बोलता आलं असतं. क्रीमनं खाज सुटते म्हणालो असतो. साठ वर्षं चाललेलं आणखी एक दिवस चाललं असतं. पण समोर तो एवढा मोठा पसरलेला, आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच खोटं बोलायचं, हे काही जमेना.

मी बसलो आणि सांगितलं. अठरा ब्लाऊज, वज्री, लिंबू, लोणी, सगळं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही, पाण्याकडंच बघत होतो. शेवटी म्हणालो, "तुझ्या अज्जीला हे सांगायचं राहिलं. म्हणून निदान नाक तरी खरं करून न्यावं म्हटलं. तेवढं नाक सोड आणि बाकी सगळीकडं लाव."

हसेल वाटलं होतं, हसली नाही. मग तिनं माझ्या कपाळाला क्रीम लावलं. गालांना लावलं, कानांना लावलं, कानांमागंसुद्धा, मानेला गोल हात फिरवून लावलं. लहान पोराला न्हाऊ घालतात तसं. नाकापाशी आली आणि बोट थांबलं.

"अज्जा, सगळा दिवस नाही देणार. तुमचं वय बघा. फोड येतील."

"एक दिवसानं काय होतंय?"

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात गव्हाचा पापडसुद्धा वाळत नाही. दोन तास."

"अर्धा तास. मी फोनवर घड्याळ लावते. मग मुकाट्यानं नाकाला लावून घ्यायचं आणि टोपी घालायची."

"एक तास. तुझ्या अज्जीसाठी."

"अज्जीचं नाव घेऊन भाव करू नका."

"बरं, पाऊण."

तिनं माझ्याकडं बघितलं, वर उन्हाकडं बघितलं, परत माझ्या नाकाकडं बघितलं, गिऱ्हाईक कापडाकडं बघतं तसं.

"पाऊण तास. एक मिनिट जास्त नाही."

"सरी," मी म्हणालो, आणि ती घड्याळ लावतेय तोवर वाळूत मांडी घालून, मान वर करून, नाक नीट उन्हात धरून बसलो.